साचाखात्याच्या दारात

शेगाव म्हटलं की लोक हात जोडतात. त्यात काही चूक नाही. स्टेशनवर उतरणाऱ्या भक्तांच्या गर्दीवर आमचं अर्धं गाव जगतं. पण शेगावची दुसरीही एक ओळख आहे. ती माझ्या आजीच्या छातीत होती. कापूस. आजी जिनमध्ये रेच्यावर होती. हंगामामागून हंगाम तिनं रेच्याच्या तोंडात कापूस घातला. रुई एकीकडं, सरकी एकीकडं, आणि मधला सगळा धुरळा तिच्या छातीत. खोकत खोकत मेली. जिन बंद पडली, हजेरीची बुकं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. आता तिथं पत्र्याची शेड आहे, पावसाळ्यात शेळ्या बसतात.

मी स्वतः सूतगिरणीत रिंगखात्यावर आहे. शिक्षण दहावीपाशी अडलं. पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा इतिहास लिहिणारा हा कोण लागून गेला, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. ज्या धाग्याचा हा इतिहास आहे तो धागा मी दिवसभर तुटला की जोडतो, तुटला की जोडतो. प्राध्यापकांनी तो एकदा तरी जोडून पाहावा.

२०२३ च्या ६ डिसेंबरला मी चैत्यभूमीला गेलो होतो. आपल्यातले बहुतेक जातातच. त्या वर्षी दोन दिवस जास्तीचे काढले, कारण माझा आतेभाऊ लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात वॉचमन आहे. तो फोनवर सारखा म्हणायचा, "येकदा येऊन पाह्य बापू, गिरणीत आता कलाकार राह्यतात." मला वाटलं, हा चेष्टा करतो. ती चेष्टा नव्हती.

त्या आवाराचं नाव मी लिहिणार नाही. भावाची नोकरी आहे.

पण आधी रस्ता सांगतो. कारण शेगावहून दादरला जाणारी गाडी ज्या रुळांवरून जाते ते रूळच मुळात कापसासाठी आले. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कारभाराला घेतलं. का घेतलं, तर काळी माती आणि कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस काळ्या गुलामांच्या पाठीवर पिकत होता आणि इंग्लंडच्या गिरण्या त्याच्यावर चालत होत्या. गुलामी राहावी का जावी, या प्रश्नावर तो देश फुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग साहेबाला वऱ्हाड आठवला. कापसाचा भाव आभाळाला भिडला, ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. ज्यांनी कर्ज काढून कापूस लावला होता त्यांचं काय झालं असेल, ते आजच्या वऱ्हाडाला सांगायची गरज नाही.

१८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये आमच्या शेजारच्या जलंबहून खामगावला फाटा निघाला, त्याच्या उद्घाटनाला लॉर्ड मेयो हा खुद्द व्हाइसरॉय आला. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय कशाला? खामगावचा कापूसबाजार मोठा होता म्हणून. शेगावला, खामगावला जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या. रुईच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईला धाडायच्या. त्यातल्या काही बोटीत चढायच्या आणि काही गिरणगावात उतरायच्या.

आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, ते कुणाला अर्पण केलं? अमेरिकेत गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्यानंतर ९९ वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली आणि काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून तिचं नाव दलित पँथर ठेवलं. कापसाचा आणि माणसांच्या गुलामीचा हा धागा किती लांबून आलाय, बघा.

गाडी मनमाडला थांबते. चहा प्यायला सगळे उतरतात. मी दरवेळी फलाटावर उभा राहून मनात म्हणतो, इथंच. फेब्रुवारी १९३८ मध्ये याच मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन. एक नव्हे. पुढचं सगळं या दोनच्या आकड्यानं वाचायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

सहा तारखेला रांगेत उभं राहून दर्शन घेतलं. बाजूलाच इंदू मिलची जागा. क्रेन उभ्या होत्या, स्मारकाचं काम चालू होतं. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो.

सात तारखेला लोअर परळ. स्टेशनबाहेर पडलो की काचेच्या इमारती, मान मोडेल एवढ्या उंच. त्यांच्या मधूनच एखादी दगडी भिंत, एखादी चिमणी. चिमणीतून धूर नाही. भाऊ मागच्या दारानं घेऊन गेला. त्या दारानं सफाईवाल्या बाया, डिलिव्हरीची पोरं आणि वॉचमन जातात. आत गेलो आणि खरं सांगतो, डोळे दिपले. दातेरी छपराच्या जुन्या शेडी तशाच ठेवल्यात. विटा मुद्दाम उघड्या ठेवल्यात. एका शेडमध्ये चित्रांचं प्रदर्शन. दुसऱ्या शेडमध्ये फोटो काढायचा स्टुडिओ. एका ठिकाणी बायका मातीची भांडी करायला शिकत होत्या, एका तासाचे पैसे भरून. एका ठिकाणी गाण्याची तालीम. मध्ये कॉफीचं दुकान. कॉफीची किंमत वाचली आणि माझ्या एका पाळीचा पगार आठवला. फार फरक नव्हता.

वाईट होतं असं म्हणणार नाही. चित्रं मी पाहिली. एक चित्र खूप आवडलं, त्यात नुसती एक खिडकी होती. मी कवी आहे, मला खिडकी कळते.

पण कॉफीच्या दुकानात, मधोमध, एक साचा ठेवला होता. जुना, लोखंडी, तेल पुसून काळा रंग दिलेला. त्याच्यावर दिवा सोडलेला. बाजूला पाटी, हात लावू नये. मागच्या भिंतीवर मोठा फोटो. वीस-पंचवीस गिरणी कामगार, बनियन आणि हाफपँटीत, कॅमेऱ्याकडं बघताहेत. खाली कुणाचं नाव नाही. सालही नाही. मी त्या पाटीसमोर किती वेळ उभा राहिलो मला माहीत नाही. भाऊ कुजबुजला, "काय पाह्यतं रे येवढं? लोखंडच हाय ते."

त्याला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढं गिरण्यांचं रान माजलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. आपलीही आली. गावात महारकी होती, बलुतं होतं, शिवाशिव होती. वाटलं, यंत्राला जात नसते. यंत्राला नव्हती, पण यंत्र चालवणाऱ्याला होती. साचाखातं म्हणजे विणकामाचं खातं. तिथं पगार जास्त. आणि त्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. ओठ लावायचे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा मराठा कसा तोंडाला लावणार? म्हणून आपली माणसं रिंगखात्यात. सूत काढायचं, बॉबिनी भरायच्या, कमी पगारात. आपण काढलेलं सूत त्यांना चालत होतं. सूत बाटत नव्हतं, धोटा बाटत होता.

१९२८ मध्ये सहा महिन्यांचा मोठा संप झाला. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला. कामगार सगळे एक म्हणता, तर मग साचाखात्याचं दार आमच्या माणसाला बंद का? ही तुमची मागणी का नाही? कॉम्रेड लोकांना हा प्रश्न अडचणीचा वाटला. मालकाविरुद्ध एकी टिकवायची आहे, जातीचं आत्ता कशाला काढता? हे वाक्य तुम्ही ऐकलंय. मीही ऐकलंय, माझ्या गिरणीच्या गेटवर.

तरी बाबासाहेब कामगारांपासून दूर गेले नाहीत, हेही लक्षात ठेवा. ते गिरणगावातलेच. परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षं राहिले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिचं ऑफिस परळच्या दामोदर हॉलमध्ये. १९३६ मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. नावातच मजूर. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क कापणाऱ्या बिलाविरुद्ध, त्याच कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप पुकारला. दोन शत्रू म्हणाले होते ते तोंडदेखलं नव्हतं. दोघांशी लढायचं म्हणजे असं लढायचं.

आता गिरणीत कला आली म्हणतात, त्याबद्दल. दोस्तहो, कला गिरणीत आत्ता आली नाही. ती होतीच. पाळी सुटली की चाळीच्या पटांगणात भजनं, नमनं, शाहिरी. लालबागला हनुमान थिएटरात तमाशा. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, ज्यांनी अडाणी माणसाला बाबासाहेबांचा विचार गाऊन सांगितला. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक निघालं, अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर. अण्णा भाऊ वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईत आले, गिरणीत राबले, शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. त्याच माणसानं १९५८ मध्ये मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नारायण सुर्व्यांना एका गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलं, आणि १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ' आलं. बाबूराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पातून लिहीत होते. हे सगळं कामगारवस्तीत झालं आणि कुणी तिकीट लावून तासाला पैसे घेतले नाहीत.

मग हे सगळं गेलं कुठं? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच नाही, तो विझला. कामगार गावाला गेले, पोरं गुंडगिरीत गेली, बाया पोळीभाजी केंद्रं चालवू लागल्या. मालकांच्या ध्यानात आलं की कापडापेक्षा जमीन महाग आहे. मुंबईत ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन, ऐन शहराच्या मध्यावर. १९९१ मध्ये सरकारनं नियम केला, गिरणीची जमीन विकायची तर तीन वाटे करा. एक मोकळ्या जागेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. ऐकायला बरं वाटतं. २००१ मध्ये नियमाचं कलम फिरवलं. वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, इमारती सोडून जी मोकळी जागा उरेल तिचे. म्हणजे ताट मालकाचं आणि ताटाबाहेर सांडलेल्या शितांचे तीन वाटे. हायकोर्टात २००५ मध्ये लोक जिंकले, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारचा बदल कायम केला.

ज्या शेडी पाडणं लगेच परवडत नव्हतं, किंवा परवानगीत अडकलं होतं, त्या भाड्यानं गेल्या. जाहिरातवाले आले, फॅशनवाले आले, गॅलऱ्या आल्या. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये संगीताचा क्लब निघाला, देशविदेशचे गाणारे आले, २०१६ मध्ये तोही बंद झाला. रघुवंशी मिलमध्ये घरसजावटीची दुकानं. तोडी मिलमध्ये खाणंपिणं आणि गाणं. १९८२ च्या आगीनंतर बंद पडलेल्या कुलाब्याच्या मुकेश मिलमध्ये सिनेमाची शूटिंगं. आणि कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ माणसं गेली. गिरणीत धूर पुन्हा निघाला तो असा.

हे एकट्या मुंबईचं नाही. न्यूयॉर्कमध्ये सोहो भागातल्या रिकाम्या कारखान्यांत आधी गरीब चित्रकार शिरले, मागून श्रीमंत आले आणि चित्रकारांना भाडं परवडेना. चीनमध्ये पेकिंगला ७९८ नंबरचा सरकारी कारखाना होता, तिथं २००० नंतर कलाकारांची वस्ती झाली, पाठोपाठ बाजार आला. म्हणजे कलाकाराला पुढं करायचं, जागेला नाव मिळवायचं, मग भाडं वाढवायचं. ती भांडी करणारी बाई आणि तो खिडकी रंगवणारा चित्रकार उद्या तिथं असतील का, मला शंका आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. सुधीर पटवर्धन हे डॉक्टर, चित्रकार. त्यांनी २००१ मध्ये 'लोअर परळ' नावाचं चित्र काढलं, बदलणारा भाग माणसांसकट पाहिला. बाहेरचा माणूसही नीट बघू शकतो, बघायचं ठरवलं तर. अमेरिकेत लोवेल नावाचं गिरण्यांचं गाव आहे, १९७८ मध्ये तिथं सरकारनं राष्ट्रीय स्मारक केलं. बूट मिलमध्ये साचे अजून चालवून दाखवतात, त्यांचा आवाज कानात घालतात आणि गिरणीत राबलेल्या पोरींची गोष्ट सांगतात. म्हणजे करता येतं. आपल्याकडं साच्याला रंग देऊन कॉफीशेजारी ठेवला.

मी त्या साच्याला हात लावला. उगाच नाही, मुद्दाम. हाताची बोटं धोट्याच्या वाटेवर ठेवली. दोन मिनिटांत एक सुपरवायझर आला. मला काही बोलला नाही, भावाला बोलला. इंग्रजी-हिंदीत. भाऊ खाली मान घालून "सॉरी सर, सॉरी सर" करत होता. चाळीस वर्षांचा माणूस. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बापू, माह्या पोटावर पाय आनशीन लेका." बिडी पेटवली, मग हळूच विचारलं, "कसा लागला हाताले?" मी म्हटलं, थंड.

माझं चुकलं का? त्याचा पगार कापला असता तर मी काय केलं असतं? या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नाही. क्रांती करणाऱ्यानं आधी बघावं की ती कुणाच्या नोकरीवर करतोय.

संध्याकाळी भाऊ मला डिलाईल रोडला एका जुन्या चाळीत घेऊन गेला. तिथं एक म्हातारे बाबा आहेत, घाटावरचे, रिंगखात्यात जन्म गेला. जयभीम झाला. मी साच्याचं सांगितलं. बाबा हसले. म्हणाले, "माझ्या बापाला साच्यावर घेत न्हवते. पाण्याचा डेरापन येगळा. माझ्या वक्ताला तसं कायदा म्हनून न्हवतं, पन खातं आमचं रिंगच. आणि आता तू म्हनतोस हात लावू नका म्हनून पाटी हाय? मग बदललं काय रं?" मी म्हटलं, बाबा, आता ती पाटी सगळ्यांसाठी आहे. बाबा म्हणाले, "सगळ्यांसाठी हाय, पन सायब कुनाला बोलला?"

त्या फोटोतल्या माणसांची नावं तुम्ही सांगू शकाल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, फोटो आण, सांगतो. मी मोबाईलवर दाखवला. चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ पाहिला. "ही आमची गिरणी न्हाई," म्हणाले. फोन परत दिला.

आता इंदू मिल. तिचं जुनं नाव इंडिया युनायटेड मिल नंबर सहा. चैत्यभूमीला लागून. ती जागा कुणी आपल्याला बशीत घालून दिली नाही. ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत शिरले, आत बसले. वर्षभरानं, डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्रानं जागा द्यायचं जाहीर केलं. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झालं. आरास किती, पुतळा किती फूट, यावर आपण भांडत बसतो. भांडावं. पण एक गोष्ट बघा. मुंबईच्या ५८ गिरण्यांत ही एक अशी, जिच्यात आपण मागच्या दारानं शिरलो नाही. समोरच्या गेटनं शिरलो, कुणाची परवानगी न घेता. माझं म्हणणं इतकंच आहे की त्या स्मारकात एक साचा असावा, चालणारा. त्याच्यापाशी साचाखात्याची गोष्ट लिहावी, धोट्यासकट. आणि पाटी असावी, हात लावा.

हे मुंबईचं झालं. पण मित्रांनो, मुंबईकडं बघत बसायची आपली खोड वाईट. आपल्या जिन आहेत की. शेगावला, खामगावला, जलंबच्या पट्ट्यात. १९७२ मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हा या जिनच्या दारात बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, म्हातारे अजून सांगतात. त्यातल्या किती आता बंद आहेत, मोजा. उद्या कुणी शहाणा येईल, विटा उघड्या ठेवील, रेच्याला काळा रंग देईल, दिवा सोडील. बायांचा एक फोटो लावील, बिननावाचा. तेव्हा आपण वॉचमन म्हणून दारात उभे असू.

त्याआधी काम करू. फार मोठं नाही. प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या, रेच्यावर काम केलेल्या बाया शोधायच्या. बहुतेकींची सत्तरी उलटलीय, वेळ नाही. नाव, गाव, कुठली जिन, कितव्या वर्षी लागली, हजेरी किती, पाणी कुठं प्यायची, खोकला कधी लागला. तिच्या तोंडची गाणी असतील तर तीही. वही घ्या, दोन रेघांची चालेल. पुढच्या अंकात पाच पानं यासाठी ठेवायची असं ठरलंय, स्टेन्सिल मी कापीन.

माझी वही सुरू झालीय. पहिल्या पानावर आजीचं नाव लिहिलं. जिनचं नाव लिहिलं. हजेरी किती होती ते आईला विचारलं, आईला आठवेना. शेजारच्या काकूला विचारलं, तिला आठवलं. तिचं नाव दुसऱ्या पानावर आहे.

जयभीम.